समोरच्या बाकावरचा चेहरा

आगगाडीच्या डब्यांत समोरासमोर बसलेल्या दोन परक्या माणसांनीं एकमेकांकडे किती वेळ पाहावें, याचा नियम कोणत्याही स्मृतींत सांगितलेला नाहीं. तरी तो सर्वांस ठाऊक असतो. दृष्टि क्षणभर मिळते, लागलीच खिडकीकडे वळते, आणि तेवढ्यांत ‘मीं तुम्हांला पाहिलें, पण मी तुम्हांला न्याहाळीत बसणार नाहीं’ असा एक मुका करार होऊन जातो. हा करार फार पुरातन नव्हे. गेऑर्ग झिमेल या जर्मन पंडितानें १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजशास्त्रावरील ग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, एकोणिसाव्या शतकांत बसगाड्या, आगगाड्या आणि ट्रामगाड्या सुरू होण्यापूर्वीं एक शब्दही न बोलतां तासन् तास एकमेकांकडे पाहत बसण्याचा प्रसंग माणसांवर येतच नसे. आमच्या प्रांतांत तो प्रसंग १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली तेव्हांपासून आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यापूर्वींचा प्रवासी, मग तो बैलगाडींतला असो वा होडींतला, सोबत्याचें गांव, गोत्र आणि मुलींचीं लग्नें यांची विचारपूस केल्यावांचून चार कोस जात नसे.

या मुक्या कराराच्या भरंवशावर माणूस गाडींत आपला चेहरा मोकळा सोडतो. घरीं तो कोणाचा बाप असतो, कचेरींत कोणाचा वरिष्ठ, लग्नकार्यांत कोणाचा व्याही. त्या त्या ठिकाणीं तसतसें तोंड त्याला धारण करावें लागतें. ठाण्यापासून दादरपर्यंतच्या डब्यांत मात्र तो कोणाचाच कोणी नसतो. ओंठ सैल होतात, कपाळावरची आंठी पसरते किंवा अधिकच घट्ट होते, आणि मनांत जें काय चाललेलें असेल तें हळूहळू वर येतें. वाचकहो, छायाचित्रकारास हवा असतो तो हाच चेहरा. अलीकडे प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आणि मोबाईलमध्यें कॅमेरा असल्यामुळें तो टिपणें अगदींच सोपें झालें आहे. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांना या छंदानें पुरतें पछाडलें असून, परक्या उतारूंचीं अशीं चित्रें घेणें ही कला कीं चोरी, हा वाद आमच्या घरच्या पंगतींत गेले कित्येक दिवस चालू आहे.

या वादांत ज्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें तो अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स (१९०३–१९७५). न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेंत त्यानें १९३८ ते १९४१ या काळांत सहाशेंहून अधिक चित्रें घेतलीं. त्या डब्यांत भिंतीला लागून लांबच लांब बाकें असत, त्यामुळें समोरच्या उतारूचा चेहरा बरोबर सन्मुख येई. एव्हान्सनें आपल्या लहानशा काँटॅक्स कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या रंगानें झांकले, तो कोटाखालीं छातीशीं ठेवला, भिंग ओव्हरकोटाच्या दोन बटणांमधून डोकावेल अशी व्यवस्था केली, आणि कळ दाबावयाची तार बाहींतून तळहातापर्यंत आणली. कॅमेऱ्याला डोळा लावावयाची सोय नाहीं, उजेड मंद, गाडी हलती. सारा नेम अंदाजाचा. हेलन लेव्हिट ही, पुढें स्वतःच नांवारूपास आलेली छायाचित्रकार, पुष्कळदां त्याच्या शेजारीं बसे, म्हणजे दोघें चारचौघांसारखीं प्रवास करणारीं माणसें वाटावींत. ओव्हरकोटावांचून हा उद्योग होणें नाहीं, म्हणून हिंवाळा हाच त्याचा हंगाम.

तीं चित्रें आम्हीं पुस्तकांत पाहिलीं आहेत. हॅट डोळ्यांवर ओढलेले पुरुष, लोंकरी गळपट्ट्यांत हनुवटी खुपसलेल्या बायका, वर्तमानपत्रांत बुडालेला कोणी, शून्यांत दृष्टि लावून बसलेली कोणी, आणि मधल्या वाटेनें आपलें वाद्य वाजवीत येणारा एक आंधळा अकॉर्डियनवाला. समोरचा कॅमेरा कोणालाच दिसत नव्हता, या अर्थानें तो सगळा डबाच आंधळा होता. ही गोष्ट एव्हान्सच्या ध्यानांत आली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. एक मात्र खरें, त्यांतील एकाही चेहऱ्याची टवाळी केलेली नाहीं. चेहरा आहे तसा आहे, आणि कोणाच्याही चेहऱ्याखालीं नांव नाहीं.

पण आम्हांस त्या चित्रांहूनही अधिक विचार करावयास लावतें तें त्यानें पुढें काय केलें तें. १९३८ सालींच न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत त्याच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. प्रसिद्धीचें दार त्याला सताड उघडें होतें. तरी भुयारी गाडींतलीं चित्रें त्यानें बाजूस ठेवून दिलीं. जेम्स एजी या लेखक-मित्रानें त्यांना प्रस्तावना लिहून दिली होती ती १९४० सालीं. एजी १९५५ सालीं वारला, तरी पुस्तक नाहीं. मधून मासिकांत थोडीं चित्रें आलीं तेवढींच. संग्रह म्हणून ‘मेनी आर कॉल्ड’ हें ८९ चित्रांचें पुस्तक निघालें तें १९६६ सालीं. उतारूंच्या खासगीपणाविषयीं त्याच्या मनांत असलेला संकोच हें या विलंबाचें एक कारण सांगतात. पंचवीस वर्षांत चेहरा तोच राहत नाहीं. डब्यांत उदास बसलेली तरुणी एव्हांना पोक्त गृहिणी झालेली असते, आणि शेजारीण पुस्तक हातीं घेऊन तिच्या दारीं येत नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ‘उपनिधि’ नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. आंत काय आहे तें न सांगतां, बंद करून जें द्रव्य दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें जातें तो उपनिधि. तो जसा दिला तसाच परत करावयाचा. राजानें नेला, दैवानें गेला, चोरानें पळविला, तर सांभाळणाऱ्यावर दोष नाहीं. परंतु त्यानें आपल्या इच्छेनें त्या ठेवीवर उपजीविका केली तर मात्र त्याला दंड आहेच, शिवाय झालेल्या लाभासुद्धां ठेव परत करणें भाग आहे. डब्यांत मोकळा सोडलेला चेहरा हा आमच्या मतें याच जातीचा उपनिधि होय. आंत काय आहे तें न सांगतांच तो आपण समोरच्याच्या हवालीं करतों. आमचे पुतणे यावर म्हणतात, “काका, ठेव म्हणजे कोणी तरी दिलेली असते. इथें तर कुणी कुणाला कांहींच दिलेलं नाहीं.” युक्तिवाद बरा आहे, पण शेजारणीनें गच्चीवर पापड वाळत घालून दार लावून घेतलें, तर ‘राखायला सांगितलें नव्हतें’ म्हणून ते कोणी खात नाहीं. एव्हान्सला आम्ही निर्दोष म्हणत नाहीं. त्यानें पेटी उघडली हें खरेंच. परंतु उघडलेल्या पेटीवर उपजीविका करण्याची घाई त्यानें केली नाहीं, आणि त्या काळांत तो वरचेवर संपन्न होता असेंही नाहीं.

हा सर्व आमच्या घरीं निव्वळ शास्त्रार्थ असता तर आम्हीं तो या पानांवर आणलाच नसता. आमच्या धाकट्या सूनबाई मुंबईस एका कचेरींत काम करितात व डोंबिवलीहून रोज लोकलनें जातात-येतात. सकाळीं साडेपांचाला उठून घरांतील चार डबे भरल्याखेरीज त्यांचें पाऊल बाहेर पडत नाहीं. संध्याकाळीं परतीच्या गाडींत बसावयास मिळालें तर पाऊण तास त्यांचा डोळा लागे. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं स्त्रियांच्याच डब्यांतील कोणा सहप्रवासिनीनें त्यांचा झोंपेंतला फोटो घेतला: मान शेजारणीच्या खांद्यावर, तोंड किंचित् उघडें, मांडीवर मेथीची जुडी अर्धी निवडलेली. खालीं एक ओळ लिहून तो तिनें कोणास पाठविला. या मोबाईलवरून त्या मोबाईलवर होत होत तिसऱ्या दिवशीं तो आमच्याच इमारतीच्या व्हॉट्सॲप गटांत येऊन पोंचला. ती ओळ आम्ही येथें देत नाहीं. तींत शिवी नव्हती. हंसूं यावें अशीच ती होती, आणि पुष्कळ मंडळी हंसलींही.

सूनबाई रडल्या नाहींत, कीं कोणास एक शब्द बोलल्या नाहींत. मात्र त्या दिवसापासून त्या गाडींत डोळा मिटीत नाहींत. आम्ही गणिताचे मास्तर नव्हतों, तरी एवढा हिशेब आम्हांस येतो: दिवसाचीं ४५ मिनिटें, वर्षाचे कामाचे सुमारें २८० दिवस, म्हणजे वर्षाकाठीं २१० तासांची झोंप. आमच्या घरांत एवढी मोठी चोरी पूर्वीं कधीं झाली नव्हती, आणि जिनें ती केली तिला आपण कांहीं नेलें याची खबरही नसेल. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, निजलेल्यांत चैतन्य आणि मृतांत त्याचा अभाव ज्याला दाखवितां येतो तोच चित्र जाणणारा. त्या फोटोंत झोंप आली होती. ती झोंप ज्या दिवसानें आणली, तो पहांटे साडेपांचापासूनचा दिवस त्यांत कोठेंच नव्हता.

कायद्याकडे धांव घ्यावी तर फारसा आधार मिळत नाहीं. फ्रान्समध्यें माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क न्यायालयें मानतात. तरीही लुक देलाहे यानें १९९५ ते १९९७ या काळांत पॅरिसच्या भुयारी गाडींत छुप्या कॅमेऱ्यानें चेहरे टिपले व त्यांचें पुस्तक १९९९ सालीं काढलें. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला, आणि माणूस सार्वजनिक ठिकाणीं आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा लयास जात नाहीं, असेंही त्या निर्णयांत म्हटलेलें आहे. वचन उत्तम आहे. परंतु सहा वाजून बावीस मिनिटांच्या लोकलमध्यें तें कोण कोणास वाचून दाखविणार?

तेव्हां प्रश्न पुन्हा रीतीभातीचाच उरतो, आणि त्या बाबतींत ब्रूस डेव्हिडसन या दुसऱ्या अमेरिकन छायाचित्रकाराची रीत आम्हांस अधिक रुचते. १९८० सालीं तो त्याच न्यूयॉर्कच्या भुयारांत उतरला. ती गाडी त्या वेळीं लूटमारीविषयीं कुप्रसिद्ध होती, आणि डब्यांच्या भिंती रंगाच्या फवाऱ्यांनीं आंतबाहेर लिहून काढलेल्या होत्या. त्याचा कॅमेरा उघडा असे, चित्र घेतांना दिवा लख्खकन् चमके. लपविण्याची गोष्टच नव्हती. आपल्या चित्रांचा एक लहानसा आल्बम तो बरोबर बाळगी आणि कोणी कां-कूं करूं लागल्यास तो दाखवी. कधीं आधीं विचारी, कधीं चित्र घेऊन मग क्षमा मागे, आणि प्रत पाठवून देण्याचें कबूल करी. कोणी ‘नाहीं’ म्हटलें कीं विषय संपला. विचारल्यावर चेहरा पालटतो, हा आमच्या पुतण्यांचा आक्षेप खरा आहे. डेव्हिडसनचे उतारू त्याच्याकडे, म्हणजे आपल्याकडे, रोखून पाहतात. एव्हान्सच्या उतारूंची ती तंद्री त्यांत नाहीं. पण पालटलेला चेहराही त्याच माणसाचा असतो, आणि तो त्यानें स्वतः दिलेला असतो. आपल्याकडे अनुश्री फडणवीस यांनीं मुंबईच्या लोकलमधील स्त्रियांच्या डब्याचीं जीं चित्रें ‘ट्रेन डायरीज’ या नांवानें प्रसिद्ध केलीं, त्यांतही घेणारी त्याच डब्यांतली एक आहे हें पाहतांच ध्यानांत येतें. बाहेरून डोकावणाऱ्याची नजर निराळी असते.

ती निराळी म्हणजे कशी, हें पाहावयाचें असेल त्यानें मायकेल वुल्फ याचीं टोकियोचीं चित्रें पाहावींत. सकाळच्या गर्दीच्या वेळीं तेथील गाड्यांत उतारू असे ठासून भरलेले असतात कीं दाराशीं उभा असलेल्याचा गाल कांचेला चिकटतो. वुल्फ बाहेर फलाटावर उभा राहून कांचेवरच्या वाफेआडून ते चेहरे टिपी. २०१० सालीं त्यांचें पुस्तक निघालें. आमच्या विरार लोकलच्या उतारूला दार उघडें तरी असतें. या बिचाऱ्यांना मान वळवावयासही जागा नाहीं. एखादा कसाबसा हात वर आणून चेहऱ्यापुढें धरतो. कित्येक जण नुसते डोळे मिटून घेतात. त्यांना ‘नाहीं’ म्हणावयाचा तेवढाच मार्ग मोकळा होता, आणि तें ‘नाहीं’ चित्रांत उतरून चित्रच अधिक प्रभावी झालें आहे. तीं चित्रें आम्हांस धड पाहवतही नाहींत आणि विसरतांही येत नाहींत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तरांचा कौल ठरलेलाच आहे. तसें असतें तर बरें झालें असतें. ओनोरे दोमिये या फ्रेंच चित्रकाराचें ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’ हें १८६२ ते १८६४ च्या सुमाराचें चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. मुलाला पाजणारी एक बाई, पेंगणारा एक मुलगा, आणि दोघांमध्यें टोपली मांडीवर धरून बसलेली एक म्हातारी. त्या म्हातारीची बसण्याची ढब हुबेहूब आमच्या आजीची आहे. आपल्या देशांतल्या रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ सालीं नामशेष झाला; त्याच्या तीन-चार वर्षें आधीं आम्ही आजीबरोबर त्या वर्गानें ठाण्याहून नाशिकला गेलों होतों. आलवण नेसलेली, केशवपन केलेली, मांडीवर गांठोडें, आणि उजव्या हाताच्या पेरांवर अखंड जप. कसारा घाट लागला तेव्हां जप थांबला, बोट तिसऱ्या पेरावर तसेंच राहिलें, आणि ती खिडकीबाहेर पाहूं लागली. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें कांहीं होतें तें आम्हीं घरांत कधींही पाहिलेलें नव्हतें.

आमच्या घरीं आजोबांचें छायाचित्र आहे: पगडी, उपरणें, शेजारीं तिवईवर पुस्तक, मागें रंगविलेला पडदा. आजीचें एकही नाहीं. तिनें तें कधीं काढूंच दिलें नाहीं. तिचा चेहरा आतां आमच्या आणि आमच्या थोरल्या भगिनींच्या स्मरणांत तेवढा आहे, आणि आम्ही दोघेंही साठी उलटलेलीं. त्या दिवशीं समोरच्या बाकावर कोणी एव्हान्स कोटाखालीं कॅमेरा लपवून बसला असता, तर त्या एका चित्रासाठीं आम्हीं काय वाटेल तें दिलें असतें. आणि हेंही तितकेंच पक्कें ठाऊक आहे कीं, तिच्या ध्यानांत येतें तर तिनें पदर पुढें ओढून तोंड भिंतीकडे वळविलें असतें, व नाशिकपर्यंत पुन्हा खिडकीबाहेर पाहिलें नसतें. या दोन गोष्टींचा मेळ आम्हांस घालतां आलेला नाहीं, आणि दोमियेच्या म्हातारीकडे पाहून समाधान होत नाहीं, कारण ती कोणाचीच आजी नव्हे.

पुतण्यांचा छंद आम्हीं बंद केलेला नाहीं; तो आमच्या सांगण्यानें बंदही झाला नसता. मात्र सूनबाईंनीं त्यांना एकदां शांतपणें एवढेंच विचारलें, “भाऊजी, ज्याचा घ्याल त्याला दाखवाल ना?” तेव्हांपासून ते दाखवूं लागले आहेत. पुष्कळांना तें आवडत नाहीं व चित्र पुसावें लागतें, अशी त्यांची तक्रार आहे. गेल्या पावसाळ्यांत मुलुंडच्या पुढें एक प्रौढ गृहस्थ भिजलेली छत्री दोन्ही पायांत धरून झोंपले होते. त्यांचें चित्र यांनीं घेतलें आणि ते जागे झाल्यावर त्यांच्या पुढें धरलें. गृहस्थांनीं तें बराच वेळ पाहिलें. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिलें, आणि म्हणाले, “मला पाठवा. गांवीं मंडळींना दाखवीन. पण दुसऱ्या कुणाला नको.” नंबर दिला आणि ठाण्यास उतरून गेले. पुतणे म्हणतात, इतक्या दिवसांत इतकें चांगलें चित्र त्यांना साधलेलें नाहीं. आम्हीं तें अद्याप पाहिलेलें नाहीं.